पक्ष कुणाचा? पुलोदपासून प्रेशर कुकरपर्यंत

कोल्हापूरच्या रत्नाप्पाण्णा कुंभारांची सही असलेल्या राज्यघटनेत राजकीय पक्षाला जागाच नव्हती. घटना समितीतले बहुतेक सदस्य कुठल्या ना कुठल्या पक्षाचे, पण घटना ओळखत होती ती फक्त निवडून आलेल्या माणसाला. पक्ष घटनेत आला तो १९८५ साली, बावन्नाव्या दुरुस्तीने आणलेल्या दहाव्या परिशिष्टातून. तोही पक्ष सोडणाऱ्याचे पद केव्हा जाईल, हे सांगण्यापुरता.

तोवर महाराष्ट्राचे बरेच काही पाहून झाले होते. जुलै १९७८ मध्ये वसंतदादांचे सरकार कोसळले आणि सदतीस वर्षांचे शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. आमदारांना अडवणारा एका ओळीचाही कायदा तेव्हा नव्हता. कोल्हापुरात या सरकारबद्दल फारशी खंत नव्हती, कारण जिल्हा शेतकरी कामगार पक्षाचा जुना बालेकिल्ला. १९७७ ला लोकसभेवर शेकापचे दाजिबा देसाई निवडून गेले होते आणि पुलोदमध्ये एन. डी. पाटील सहकारमंत्री होते. पाठीत खुपसलेला ‘खंजीर’ मात्र तेव्हापासून महाराष्ट्राच्या राजकारणात कायमचा मुक्कामाला आला.

गंमत अशी, की त्याच वर्षी जानेवारीत तुर्कस्तानात जवळपास हेच घडले होते. देमिरेल यांच्या जस्टिस पार्टीचे अकरा खासदार फुटले आणि ब्युलेंट एजेवित पंतप्रधान झाले. फुटलेल्यांपैकी बहुतेकांना मंत्रिपदे मिळाली. बोलणी झाली इस्तंबूलच्या गुनेश मोटेलात. पक्षांतर आणि हॉटेल यांचे नाते गुवाहाटीने शोधून काढलेले नाही.

या प्रकरणाची चीड तुर्कस्तानच्या १९८२ च्या घटनेत उतरली. पक्ष सोडून दुसऱ्या पक्षात गेलेल्या खासदाराचे सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद तिच्या ८४ व्या कलमात आली. पुढाऱ्यांनी लगेच वाट काढली: नावापुरता नवा पक्ष काढायचा आणि तो हव्या त्या पक्षात विलीन करायचा. १९९५ मध्ये ती बंदी तुर्कस्तानने काढूनही टाकली. आपण त्याच्या दहा वर्षे आधी तसलीच बंदी आणली होती आणि पुढे ती आणखी आवळत नेली.

तुर्कस्तानात कायद्याच्या हाती आणखी एक भलतेच हत्यार आहे. घटना न्यायालय आख्खा पक्षच बंद करू शकते. एर्बाकान यांची रेफाह पार्टी जानेवारी १९९८ मध्ये अशीच संपली. दहा वर्षांनी एर्दोआन यांच्या सत्ताधारी एके पार्टीवर तीच वेळ आली. अकरापैकी सहा न्यायाधीश बंदीच्या बाजूने होते, सात लागत होते. एका मताने पक्ष वाचला, फक्त सरकारी निधी निम्मा झाला. आपल्या घटनेत पक्ष बंद करण्याची अशी तरतूद नाही. आपल्याकडचे खटले पक्षाच्या मालकीवरून असतात.

१९८५ च्या कायद्याने एकट्यादुकट्याला अडवले, पण एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर त्याला ‘फूट’ म्हणून मान्यता दिली. १९९१ मध्ये छगन भुजबळ शिवसेनेतून बाहेर पडले तेव्हा ५२ आमदारांपैकी १८ चा आकडा महत्त्वाचा ठरला, तो याच गणितामुळे. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने ही सवलत गेली. उरले दोन तृतीयांशांचे विलीनीकरण. माझ्या मते खरी गफलत इथे झाली. थोड्यांना जाता येईना, म्हणून जाणाऱ्यांनी पुष्कळांना सोबत घेतले. आणि विलीन व्हायचे नसेल, तर ‘आम्हीच मूळ पक्ष’ म्हणण्यावाचून मार्ग उरला नाही.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांनी तो मार्ग धरला. राधानगरीचे प्रकाश आबिटकर त्यांच्यासोबत गुवाहाटीत होते. शिरोळचे राजेंद्र पाटील यड्रावकरही होते, तेही अपक्ष असून. अपक्षाने निवडणुकीनंतर पक्षात प्रवेश केला तर पद जाते. नुसत्या पाठिंब्याला, अगदी मंत्रिपदालाही, कायद्याची आडकाठी नाही. पाठोपाठ कोल्हापूरचे खासदार संजय मंडलिक आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने शिंदे गटात गेले. पुढच्या वर्षी जुलैत राष्ट्रवादीतून फुटलेल्या अजित पवारांबरोबर कागलच्या हसन मुश्रीफांनी शपथ घेतली.

निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला धनुष्यबाण शिंदेंना दिला. ११ मेच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचे चुकले, अध्यक्षांनी मान्यता दिलेला प्रतोदही चुकीचा, असे सांगितले. पण उद्धव ठाकरे राजीनामा देऊन मोकळे झाल्याने सरकार परत आणता येत नाही, असेही म्हटले. अपात्रतेचा प्रश्न परत विधानसभा अध्यक्षांकडे गेला. राहुल नार्वेकरांनी १० जानेवारी २०२४ ला निकाल देताना शिवसेनेची १९९९ ची पक्षघटना ग्राह्य धरली, २०१८ ची नाही. अपात्र कोणीच ठरले नाही. पक्षाची घटना कपाटात धूळ खात पडलेली असते, असे समजणाऱ्यांना तो चांगलाच धडा होता.

कोल्हापूरकरांना मात्र या सगळ्याचे नवल कमी वाटले. इथे निष्ठा आधी गटाशी. चिन्ह मागाहून येते. सदाशिवराव मंडलिक १९९८ ला काँग्रेसचे, मग दोनदा राष्ट्रवादीचे आणि २००९ ला अपक्ष खासदार झाले, मतदार तेच. २०१९ ला राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक आघाडीचे उमेदवार असताना काँग्रेसचे सतेज पाटील ‘आमचं ठरलंय’ म्हणत शिवसेनेच्या संजय मंडलिकांच्या मागे उभे राहिले. दहाव्या परिशिष्टाला याचे काही करता येत नाही, कारण प्रतोदाचा आदेश सभागृहात चालतो, प्रचाराच्या जीपमध्ये चालत नाही. पाच वर्षांनी त्याच सतेज पाटलांनी त्याच मंडलिकांविरुद्ध शाहू छत्रपतींना दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आणले. हातकणंगल्यात धैर्यशील माने मात्र टिकले, थोडक्यात. गद्दारीचा शिक्का एका मतदारसंघात चालला आणि शेजारच्यात चालला नाही, हे ज्यांना कोडे वाटते त्यांनी साखर कारखाने आणि ‘गोकुळ’ दूध संघाची गणिते पाहावीत.

त्याच वर्षी विधानसभेला कागलात मुश्रीफांचे घड्याळ आणि समरजितसिंह घाटगेंची तुतारी समोरासमोर आली. घाटगे काही आठवड्यांपूर्वीपर्यंत भाजपमध्ये होते. मुश्रीफ जिंकले. यड्रावकर राजर्षी शाहू विकास आघाडी या नावाने उभे राहून निवडून आले. आणि कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसच्या मधुरिमाराजे यांनी अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी माघार घेतली. ज्यांची उमेदवारी आधी बदलली गेली होती, त्याच राजेश लाटकरांना पाठिंबा देण्याची वेळ पक्षावर आली. मतदान यंत्रावर हाताचा पंजा नव्हता. काँग्रेसवाल्यांनी लाटकरांच्या प्रेशर कुकरपुढचे बटण दाबा म्हणून प्रचार केला. निवडून आले शिंदेंच्या शिवसेनेचे राजेश क्षीरसागर, धनुष्यबाणावर.