शाळेची इमारत आणि कायदा

मूल एकदा शाळेत गेले, की ते सुरक्षित आहे असे आपण गृहीत धरतो. परंतु त्या शाळेचे छप्पर, जिना, दारे आणि खिडक्या सुरक्षित असाव्यात यासाठी कायद्याने कोणाला जबाबदार धरले आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचे उत्तर पाहू या.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम् येथे एका प्राथमिक शाळेला आग लागली. मध्यान्ह भोजन शिजत असताना स्वयंपाकघरात पेटलेली ही आग शाकारलेल्या छपराने झपाट्याने पसरवली. जिना अरुंद होता, बाहेर पडण्यास पुरेशी वाट नव्हती. ९४ बालके मृत्युमुखी पडली. आग चुलीतून निघाली हे खरे; पण मुलांचा जीव घेतला तो इमारतीच्या सदोष रचनेने. अशा इमारतीत शाळा भरवणारे आणि तिला परवानगी देणारे, दोघांचेही उत्तरदायित्व यातून पुढे आले. २०१४ मध्ये तंजावर येथील न्यायालयाने संस्थापकासह दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत शिक्षण खात्याचे कर्मचारीही होते. पुढे २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने संस्थापकाची शिक्षा कमी केली आणि काही जणांची मुक्तता केली.

या दुर्घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ती ओळखली जाते. १३ एप्रिल २००९ रोजी तिचा निकाल देताना न्यायालयाने एक महत्त्वाचे तत्त्व मांडले. संविधानाच्या कलम २१ ने जीविताचा आणि कलम २१-क ने शिक्षणाचा हक्क दिला आहे. सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क त्यातच अंतर्भूत आहे. म्हणजेच धोकादायक इमारतीत दिलेले शिक्षण हा हक्क पूर्ण करीत नाही.

न्यायालयाने जबाबदारीची वाटणीही स्पष्ट केली. इमारत राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार बांधलेली आहे, याची खात्री झाल्याखेरीज राज्य शासनाने शाळेस मान्यता देऊ नये. अभियंत्याने प्रत्यक्ष पाहणी केल्यानंतरच सुरक्षिततेचा दाखला द्यावा. कर्तव्यात कसूर झाल्यास त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. शाळेने अग्निशामक साधने बसवावीत, ज्वालाग्राही वस्तू इमारतीत ठेवू नयेत आणि साधने हाताळण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे. इमारतीच्या मजबुतीची तपासणी वेळोवेळी व्हावी, असेही आदेशात आहे. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास फौजदारी गुन्हाही दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार अशा अपराधास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या साखळीतील प्रत्येक सहीला अर्थ आहे. पाहणी न करता दिलेला दाखला हा कागदाचा साधा तुकडा नसतो. त्याच्या भरवशावर शेकडो मुले वर्गात बसतात.

मग सामान्य नागरिकाचे काय? १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क अधिनियमाने सर्व ऋतूंत टिकणारी इमारत आवश्यक ठरवली आहे. खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागा स्त्रियांना असाव्यात, अशीही तरतूद त्यात आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे हे या समितीचे काम होय. भिंतीला तडा गेला, जिन्यात सामान रचले गेले किंवा दाराला कायम कुलूप दिसले, तर पालकाने ते समितीपुढे लेखी मांडावे. सरकारी शाळेच्या इमारतीचा सुरक्षिततेचा दाखला माहितीच्या अधिकाराखाली मागता येतो. त्यासाठी फार शिकलेले असण्याची गरज नाही.

अपघात घडल्यावर दोषी शोधणे हे न्यायालयाचे काम आहे. तो घडण्यापूर्वी प्रश्न विचारणे हे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे.