जुन्या ट्रकचे डिझेल जाते कुठे?

नाशिकचा कांदा वाशीच्या घाऊक बाजारात पोहोचतो, तेव्हा त्याच्या भावात डिझेलचाही वाटा असतो. हा माल वाहणाऱ्यांमध्ये पाच-सहा लाख किलोमीटर धावलेले जुने ट्रकही असतात आणि त्यांचा मालक अनेकदा स्वतःच चालक असतो. लिटरला चार किलोमीटर धावणारा त्याचा ट्रक ३.२ किलोमीटरवर आला, तर महिन्याच्या सहा हजार किलोमीटरसाठी १,५०० लिटरऐवजी १,८७५ लिटर डिझेल लागते. लिटरला ९० रुपये धरले, तरी महिन्याला ३३,७५० रुपयांचा फटका बसतो. अशा वेळी 'इंजिन बसले, काम काढावे लागेल' असा सल्ला हमखास मिळतो. कर्ज काढून इंजिन खोलले जाते आणि ॲव्हरेज मात्र आहे तिथेच राहते. कारण दोष इंजिनात आहे की नाही, हे आधी तपासलेलेच नसते.

निदानाची सुरुवात मोजमापापासून व्हायला हवी. टाकी काठोकाठ भरावी, ट्रक नेहमीच्या मार्गावर न्यावा आणि परत त्याच पंपावर, तितकीच काठोकाठ भरावी. दुसऱ्यांदा जेवढे डिझेल बसले, तेवढेच खर्च झाले. जुन्या गाडीचा किलोमीटर दाखवणारा मीटर भरवशाचा नसतो. म्हणून महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी तो एकदा ताडून पाहावा. भार आणि रस्ता यांचाही हिशेब ठेवावा लागतो. नाशिकहून मुंबईकडे भरलेला ट्रक कसारा घाट उतरतो, तर परतताना रिकामा चढतो. त्यामुळे केवळ एका बाजूचे ॲव्हरेज फसवे ठरते. जाऊन-येऊन अशा किमान तीन फेऱ्यांची सरासरी काढावी.

दुसरा प्रश्न असा, की टाकीत भरलेले डिझेल इंजिनात जळते तरी का? टाकीची झाकणे, नळ्यांचे जोड आणि इंजिनाकडून टाकीकडे परतणारी नळी येथे ओलसर, धूळ चिकटलेले डाग दिसले, तर गळती आहे. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आतल्या आत ऑइलमध्ये उतरत आहे. हे इंजिनालाही घातक असते. मुक्कामाच्या ठिकाणी टाकीतून होणारी चोरी ही तर जुनीच डोकेदुखी आहे. टाकीला कुलूप लावून केलेल्या एका फेरीत तिचा उलगडा होतो.

यानंतर चाकांकडे वळावे. टायरमध्ये हवा कमी असेल, तर ट्रक ओढायला अधिक ताकद लागते. मागच्या जोडचाकांतील आतल्या टायरकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. हवा गाडी सुरू करण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासावी. ब्रेक पुरते सुटत नसतील, तर काही अंतर धावल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते. ड्रमला स्पर्श न करता जवळ हात नेला, तरी हा फरक कळतो. चढावर इंजिनाचे फेरे वाढतात, पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच घसरत असल्याचे समजावे. टायर एका कडेने झिजत असतील, तर चाकांची अलाइनमेंट बिघडलेली असते.

इंजिनाची तपासणी त्याच्या धुरापासून करता येते. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. तेव्हा प्रथम एअर फिल्टर पाहावा आणि टर्बो असल्यास त्याचे रबरी पाइप फाटले आहेत का, ते बघावे. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल न जळता बाहेर पडत असावे किंवा पाणी आत शिरत असावे.

फिल्टर स्वच्छ असूनही काळा धूर राहिला, तर नोझल आणि पंप तपासावेत. नोझलने डिझेलचा बारीक फवारा मारायला हवा. जुने नोझल थेंब गाळते आणि ते थेंब नीट जळत नाहीत. जुन्या ट्रकमधील यांत्रिक पंपाचे सील तोडून डिझेलचा पुरवठा वाढवण्याची सवयही अनेक ठिकाणी दिसते. त्यामुळे 'पिकअप' वाढल्यासारखा वाटतो, पण टाकी लवकर रिकामी होते. पंपाचे माप जाणकाराकडून यंत्रावर लावून घेणे आणि त्याचे टायमिंग जुळवणे, हाच त्यावर उपाय होय.

आणखी एक दुर्लक्षित कारण म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन तापते म्हणून तो काढून टाकण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे. परंतु त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, ज्वलन अपुरे राहते आणि झीजही वाढते.

हे सारे निर्दोष ठरल्यावरच कॉम्प्रेशन मोजावे. सिलिंडरांच्या दाबात मोठी तफावत असेल, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने धूर येत असेल आणि ऑइलही वारंवार घालावे लागत असेल, तर रिंगा व लायनर झिजले आहेत आणि इंजिनाचे काम काढणे रास्त आहे.

एका वेळी एकच दुरुस्ती करावी आणि पुन्हा टाकी भरून मोजावे. सगळे एकदम बदलले, तर नेमका दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. वाचणारे डिझेल केवळ मालकाचे नसते. एक लिटर डिझेल जळाले, की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वरच्या हिशेबातील ३७५ लिटर वाचले, तर एका ट्रकमागे महिन्याला सुमारे एक टन वायू हवेत जायचा थांबतो. त्यासाठी पहिली गरज आहे ती एक वही, एक पेन आणि थोड्या धीराची.