हाडात स्क्रू रुजतो कसा?

पडलेल्या दाताच्या जागी दंतवैद्य जबड्यात टिटॅनियमचा स्क्रू बसवतात. शरीर साधं कुसळही बाहेर ढकलतं. मग हा स्क्रू टिकतो कसा?

हवा लागताच टिटॅनियमवर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो. त्यामुळे धातू गंजत नाही आणि पेशींची गाठ पडते ती या निरुपद्रवी थराशी. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरत नाही, म्हणून गवंडी ते आधी छिन्नीने खरबरीत करतो. स्क्रूवरही बारीक कणांचा मारा करतात, मग तो आम्लात बुडवतात. त्या सूक्ष्म खळग्यांत पेशी नवं हाड रचतात.

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९६५मध्ये पहिल्या रुग्णाला टिटॅनियमच्या स्क्रूवर दात बसवले. हाड जुळायला काही महिने लागतात आणि धूम्रपानाने ते काम बिघडतं. तेव्हा स्क्रू बसवणार असाल, तर सिगारेट आधी सोडा.