साकोलीचे रान माइनक्राफ्टमध्ये

नागझिऱ्याच्या अरण्यालगतचा साकोली तालुका माइनक्राफ्टच्या सृष्टीत उतरवावयाचा, तर त्यासाठी स्वतंत्र बायोम, म्हणजे हवामान, वनस्पती व प्राणी यांनी ओळखला जाणारा प्रदेश, डेटापॅकमधील (खेळात भर घालणाऱ्या फायलींच्या संचातील) जेसॉन फायलीत लिहावा लागतो. ही मुभा २०२० सालच्या १.१६.२ आवृत्तीपासून मिळाली. खेळातील सव्हाना दिसावयास जवळचा असला, तरी तेथे पाऊस पडत नाही, आणि मृगाच्या सरींवाचून धानाच्या या मुलखाचे चित्र उभेच राहणार नाही. म्हणून तापमान ०.९५ च्या आसपास ठेवून पर्जन्य चालू करावे व गवताला पिवळसर हिरवा रंग निराळा नेमून द्यावा. एवढ्याने बायोम जगात उगवत नाही: डायमेन्शनच्या, म्हणजे खेळातील त्या जगाच्या, फायलीत उष्णता, आर्द्रता, धूप आदी मापांनी त्याचा अंमल कोठे चालावा हे नोंदवावे लागते, आणि या मापांतील उष्णतेचा वरील तापमानाशी काहीही संबंध नसतो. येथील मालगुजारी तलाव मात्र कोहळी समाजाने पाळ बांधून निर्मिलेले. त्यांना नैसर्गिक डबक्यांत न लोटता पाळीसह ‘स्ट्रक्चर’ या सदरात दाखल करणे हेच मला न्याय्य वाटते.