गाठीतलं रक्त काय सांगतं?

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोह्यात पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'यकृतात गाठ' अशी ओळ आली, की घरात पहिला विचार येतो तो कॅन्सरचा. पण ती गाठ निरुपद्रवी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) असू शकते, पाण्याची पिशवी असू शकते किंवा अमिबाच्या संसर्गाने झालेलं गळूही असू शकतं. करड्या छटांच्या साध्या चित्रात यांतल्या काही गाठी सारख्याच दिसतात. अशा वेळी डॉक्टर सोनोग्राफीतलंच डॉप्लर तंत्र लावून गाठीतला रक्तप्रवाह पाहतात. हा पुरावा मोलाचा आहे, पण तो अंतिम निकाल मानू नये.

फाटकाजवळून जाणाऱ्या रेल्वेचा भोंगा गाडी जवळ येताना चढा आणि लांब जाताना उतरता ऐकू येतो. ख्रिस्तियन डॉप्लर यांनी 1842 साली मांडलेलं हेच तत्त्व वाहत्या रक्तपेशींवर आपटून परतणाऱ्या ध्वनिलहरींनाही लागू पडतं. पडद्यावर सहसा प्रोबकडे (पोटावर फिरवायच्या उपकरणाकडे) येणारं रक्त लाल आणि लांब जाणारं निळं दिसतं; शुद्ध-अशुद्ध रक्ताशी या रंगांचा संबंध नाही. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळतं. यकृतातच उद्भवणारा कॅन्सर मात्र मुख्यतः धमनीवर पोसला जातो. म्हणून अशा गाठीभोवती आणि आत टोपलीसारखं विणलेलं वाहिन्यांचं जाळं आणि धमनीचे ठोके दिसू शकतात. हिमँजिओमात रक्त इतकं संथ असतं की बरेचदा रंगच उमटत नाही. गळूच्या पुवात प्रवाह नसतो, फार तर कडेला दिसतो. पोर्टल शिरेतल्या गुठळीत धमनीचे ठोके मिळाले, तर कॅन्सर शिरेत शिरल्याचा संशय बळावतो.

डॉप्लरवरून इतकं कळतं, मग सीटी स्कॅन कशाला, असं कोणी विचारेल. कारण गाठ लहान किंवा खोल असली किंवा रुग्णाला श्वास रोखता आला नाही, तर कॅन्सरमधला प्रवाहही निसटू शकतो. आतड्यातून पसरलेल्या कॅन्सरच्या गाठींत अनेकदा रंग कमीच असतो; उलट काही साध्या गाठी रंगाने भरलेल्या असतात. मग थेट सगळ्यांचं सीटी का करू नये? कारण त्यात किरणोत्सर्ग आहे, शिरेतून औषध द्यावं लागतं, खर्च होतो. आणि पाण्याच्या साध्या पिशवीचा उलगडा बहुतेकदा सोनोग्राफीतच होतो. कोणाला पुढच्या तपासणीसाठी लगेच पाठवायचं, हे ठरवायला डॉप्लर मदत करतं, आणि तालुक्याच्या गावी हीच मदत सर्वांत मोलाची आहे. सिरॉसिस (यकृत कडक होण्याचा आजार) किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णात नवी गाठ दिसली, तर मात्र डॉप्लरवर रंग नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तीन टप्प्यांचं (औषध दिल्यावर तीन वेगवेगळ्या वेळी चित्रं घेणारं) सीटी किंवा एमआरआय करायलाच हवं. त्यासाठी फार लांब जायला नको; टाटा मेमोरियल केंद्राची खारघरची कॅन्सर संस्था रायगड जिल्ह्यातच आहे.

सिरॉसिस असलेल्यांनी त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी आणि प्रत्येक वेळी जुने रिपोर्ट सोबत न्यावेत. गाठ नवी आहे की जुनीच, वाढली की तेवढीच आहे, हे त्या कागदांवरूनच कळतं.