चिमूरच्या उन्हाळ्यात टाकीतला समुद्र २६ अंशांवर कसा ठेवायचा?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे पटापट निघून जातात, म्हणून इथे जरा सावकाश वाचा.

चिमूरमधून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. तरी माझ्या खोलीत शंभर लिटरचा एक छोटा समुद्र आहे. त्यात दोन क्लाउनफिश, थोडी मऊ प्रवाळं म्हणजे सॉफ्ट कोरल, आणि काही गोगलगायी. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो आणि टाकीत मला २६ हवे असतात. पहिल्या उन्हाळ्यात मी टाकीवर पंखा लावला तेव्हा आई म्हणाली, "काहून रे, आता मासोळ्याइले बी कूलर पाह्यजे का?"

हो. आणि खरं सांगायचं तर आईचा तो एक प्रश्न इंटरनेटवरच्या अर्ध्या सल्ल्यांपेक्षा जास्त कामाचा निघाला. कसा, ते पुढे येतंच.

एका अंशाने काय होतं?

बऱ्याचशा प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं. पाणी जास्त तापलं की ही भागीदारी बिघडते, प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. यालाच ब्लीचिंग म्हणतात. लगेच मरत नाही, पण उपाशी राहतं. उष्णता लांबली तर मरतं.

समुद्रात हे किती तापल्यावर होतं? अमेरिकेची नोआ ही संस्था जो उंबरठा धरते तो असा: त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीपेक्षा फक्त १ अंश जास्त, आणि ते काही आठवडे टिकलं तर धोका. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये मोठं ब्लीचिंग झालं. एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. अख्ख्या समुद्राला एक अंश जड जातो, तिथे शंभर लिटरची काय कथा!

घरच्या टाकीसाठी २४ ते २७ अंश हा पट्टा ठीक. त्यातही दिवसरात्रीत एक अंशापेक्षा जास्त झोका नको. शिवाय गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी माशांना तो जास्त लागतो. म्हणून उन्हाळ्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर आधी हवा वाढवा, मग थंडाव्याचं बघा.

माठ, कूलर आणि टाकी

आता आईचा कूलर. माठातलं पाणी गार का होतं? झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कूलरच्या वाळ्याच्या ताटीत तेच होतं. टाकीच्या पाण्यावर तिरका पंखा मारला की तिथेही तेच होतं.

हिशेब करू. १ लिटर पाण्याची वाफ होताना साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. १०० लिटर पाणी १ अंशाने थंड करायला साधारण १०० किलोकॅलरी काढाव्या लागतात. म्हणजे एक लिटर उडालं की जवळजवळ पावणेसहा अंशांची उष्णता गेली! दिवसभर खोली आणि पंप मिळून पाणी तापवत राहतात, त्यामुळे पारा प्रत्यक्षात तेवढा खाली येत नाही, पण जागेवर राहतो. मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज तीनेक लिटर उडतं.

एक सापळा इथे आहे. पाणी उडतं, मीठ उडत नाही. तीन दिवस भर घातली नाही तर ३५ ची खारटता ३८ च्या वर जाते. म्हणून भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. आरओ-डीआयचं पाणी वापरा आणि रोज घाला. पातळी बघून आपोआप पाणी सोडणारा ऑटो टॉप-ऑफ मिळाला तर उत्तमच.

खरी परीक्षा मे महिन्यात नसते

आपल्या विदर्भातल्या प्रत्येक घराला माहीत असलेली गोष्ट: कूलर मे मध्ये मस्त चालतो आणि पाऊस लागला की नुसता चिकचिकाट करतो. टाकीचंही अगदी तसंच.

थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला तर तो जिथे थांबतो, तिथपर्यंतच बाष्पीभवन थंड करू शकतं. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ही मर्यादा २३ च्या आसपास येते. हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर मर्यादा २९! म्हणजे बाहेर दहा अंश कमी असूनही पंखा टाकीला २६ वर आणूच शकत नाही. पहिल्या वर्षी मी मे निभावला म्हणून निवांत झालो आणि जूनच्या शेवटी टाकी ३० वर गेली.

त्या दिवसांत दोनच उपाय: चिलर किंवा खोलीचा एसी. चिलर म्हणजे टाकीचा फ्रिजच. पाण्यातली उष्णता काढून तो खोलीत टाकतो, म्हणून बंद खोलीत ठेवला तर स्वतःशीच भांडत बसतो. गरम हवा खिडकीबाहेर जाईल अशी जागा द्या.

अडीनडीला बर्फ चालतो, पण थेट पाण्यात नाही. एक लिटरची झाकण घट्ट लावलेली गोठवलेली बाटली टाकीत तरंगवली तर १०० लिटर पाणी साधारण १ अंशाने उतरतं. एका वेळी एकच बाटली. आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर आधी पंप किंवा एअर पंप ठेवा. गरम पाण्यात मासे आधी गुदमरतात.

माझ्या कोडने केलेला घोळ

थंडीत उलटं काम असतं. रात्री पारा बराच खाली जातो, हीटर लागतो. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून ईएसपी३२, डीएस१८बी२० सेन्सर आणि रिले जोडून स्वतःच कंट्रोलर बनवला. कोड सोपा होता: तापमान २५.५ च्या खाली गेलं की हीटर चालू.

जानेवारीत एका रात्री सेन्सरची वायर सैल झाली. सेन्सर सापडला नाही की त्याची नेहमीची लायब्ररी उणे १२७ हा आकडा परत देते. तो खरं तर एरर आहे. माझ्या कोडला वाटलं टाकी गोठली! हीटर रात्रभर चालू. त्यात मी हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट ३२ वर ठेवला होता, "कंट्रोलर आहे ना" म्हणून. सकाळी पाणी ३१.४. क्लाउनफिश वाचले. दोन गोगलगायी आणि तीन वर्षं वाढवलेलं एक लेदर कोरल गेलं.

तेव्हापासूनचे माझे नियम:

१. १८ च्या खालचं आणि ३५ च्या वरचं रीडिंग मोजायचंच नाही. हाच सेन्सर वीज आल्या-आल्या ८५ दाखवतो, तेही यात गाळलं जातं.

२. सेन्सर दोन मिनिटं गप्प असेल तर हीटर बंद आणि फोनवर अलार्म. टाकी हळू थंड होते, तेवढा वेळ मिळतो.

३. हीटरचा थर्मोस्टॅट २६.५ वर. कंट्रोलर चुकला तरी तो थांबवेल.

४. २०० वॅटच्या एका हीटरऐवजी १०० वॅटचे दोन. एक अडकला तरी टाकी शिजत नाही.

५. चालू आणि बंद यांत अर्ध्या अंशाचं अंतर, नाहीतर रिले दिवसभर टकटक करतो.

शेवटी एक महत्त्वाचं. मालवणला स्नॉर्कलिंगला गेलात तर प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. कठीण प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. ताडोबाच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणि टाकी घ्यायचा विचार असेल तर आधी वीस रुपयांची वही घ्या. खोलीचं तापमान आणि आर्द्रता रोज दुपारी लिहा, मे ते ऑक्टोबर. चिलरचं बजेट हवं की नुसता पंखा पुरेल, ते त्या वहीत दिसेल. प्राणी त्यानंतर आणा.

भेटू पुढच्या भागात. तोवर माठातलं पाणी प्या!