खोलीचा निनाद आणि पितळी वाद्यांचा रियाज

हार्वर्ड विद्यापीठातील फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ साली वापरात आले, तेव्हा तेथील व्याख्यान श्रोत्यांना नीट कळेनासे झाले. रिकाम्या दालनात ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत असे आणि पुढचे शब्द मागच्या शब्दांत बुडून जात. वॉलेस क्लेमेंट सॅबाइन यांनी दुसऱ्या एका सभागृहातील आसनांच्या गाद्या तेथे आणून रात्रीच्या शांततेत मोजमापे घेतली व नियम बसविला : निनादकाल हा दालनाच्या घनफळाच्या सम प्रमाणात व एकंदर ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ध्वनीची पातळी ६० डेसिबेलांनी उतरण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल होय.

वक्त्याची ही अडचण ट्रंपेट किंवा कॉर्नेट वाजविणाऱ्याच्या बाबतीत फसव्या रूपाने येते. कारण येथे निनाद सुखावह वाटतो. या वाद्यांत स्वराचा आरंभ जिभेने होतो. फ्रेंच कॉर्नेटवादक अर्बां यांच्या १८६४ च्या शिक्षणग्रंथात त्यासाठी ‘तु’ हे अक्षर योजिले असून द्रुत गतीत ‘तु-कु’ अशी जोडी येते. (फ्रेंच ‘त’ दंत्य आहे; त्यामुळे इंग्रजी वळणाच्या ‘टू’पेक्षा मराठी ‘तु’ मुळाशी अधिक जवळचा.) ‘कु’चा आघात जिभेच्या मागील भागाने होत असल्याने नवशिक्याच्या वादनात तो दुबळा पडतो. हा दोष कानी पडेल की नाही, हे मात्र खोलीवर अवलंबून असते. सेकंदाला आठ स्वर वाजत आहेत असे धरू. निनादकाल २ सेकंद असेल, तर पुढचा स्वर येईपर्यंत मागचा जेमतेम ४ डेसिबेल उतरतो. ०·४ सेकंद असेल, तर सुमारे १९. पहिल्या दालनात दुबळा ‘कु’ मागील ‘तु’च्या शेपटीत लपतो, दुसऱ्यात तो उघडा पडतो.

म्हणून जाड पडद्यांची, गाद्यागिरद्यांची खोलीच उत्तम, असे मात्र नव्हे. ट्रंपेटचे वरचे उपस्वर कर्ण्याच्या तोंडातून बव्हंशी समोर जातात आणि वादक असतो त्याच्या मागे. भिंतीवरून ते परतले नाहीत, तर त्याला स्वतःचा नाद निस्तेज वाटतो. तो अधिक जोराने फुंकतो आणि ओठ अकाली थकतात. दोष खोलीचा, शिक्षा ओठांना! फ्रेंच हॉर्नचे तोंड मागे वळलेले असल्याने त्याच्या वादकाला पाठीमागची भिंत महत्त्वाची ठरते.

लहान खोलीत आणखी एक भ्रम संभवतो. समोरासमोरच्या भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर सुमारे ५७ हर्ट्झला तेथे अनुनाद होतो. ट्रॉम्बोनचा सर्वांत खालचा बी-फ्लॅट ५८ हर्ट्झच्या आसपास असल्याने भिंतीजवळ तो अनपेक्षित भरदार ऐकू येतो. शेजारचे स्वर तसे येत नाहीत आणि विद्यार्थी आपल्या श्वासाला बोल लावतो. येथे पडद्याचाही उपयोग नाही. पातळ कापड उच्च कंप्रतेचे ध्वनी शोषते, इतक्या खालच्या स्वरांना ते जवळजवळ अडवीत नाही. अशा वेळी जागा दोन पावले बदलून तोच स्वर पुन्हा ऐकावा. त्याचा भरदारपणा ओसरला, तर तो भिंतींचा होता.